ओट्याचं काम काढलंय आणि एक्झॉस्टच्या भोकात चिमणीची पिल्लं!

लातूरची_ताई: जुना कडाप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट बसवायचाय. मिस्त्री ठरलाय. पण एक्झॉस्ट फॅनच्या रिकाम्या भोकात चिमणीनं खराट्याच्या काड्या, माझ्या पोछ्याचे धागेसुद्धा कोंबून घरटं केलंय, आत पिल्लं ओरडताहेत. मिस्त्री म्हणतो, "उचलून झाडावर ठेवू की!" सासूबाई म्हणतात, लेकुरवाळीचं घर मोडायचं नाही. मलाही नको वाटतं. कंपाउंडवरून जाणारं मुंगूस, शेंगदाण्याला येणारी खारूताई बघतच माझ्या भाकरी होतात. काम किती थांबवू?

परभणीकर: अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पुढं पिल्लं उडायला तेवढेच. म्हणजे निम्मं झालंय. घरटं हलवलं तर आईबाप बहुधा फिरकत नाहीत. तोवर समोरच्या भिंतीच्या टाइल्स, सिंकची लाइन उरका.

लातूरची_ताई: सिंक त्याच भिंतीला आहे हो.

जुना_मिस्त्री: मग ग्रॅनाइट मापानं कापून, कडा घासून तयार ठेवा. कटर अंगणातच चालवायला लावा, नाहीतर त्या धुळीत पिल्लांचं काय होईल? उडाल्यावर फॅनला बाहेरून जाळी मारा, नाहीतर ती तिथंच दुसरी वीण काढते. शेजारी लाकडी खोका टांगा, भोक सव्वा इंचाचं. चिमणी शिरते, साळुंकी नाही.

लातूरची_ताई: सुताराला खोका सांगितला. मिस्त्री पुढच्या तारखेवर कुरकुरला, थोडी उचल दिली तेव्हा गप झाला.