५ नाही हो, ३ सेंमीच धरायचे
प्रश्न होता, एकसमान विद्युत फील्डमध्ये ए आणि बी या दोन बिंदूंच्या पोटेन्शियलमध्ये (म्हणजे दर एकक चार्जमागे असलेल्या स्थितिज ऊर्जेत) फरक किती. वरती ज्यांनी २०० गुणिले ०.०५ करून १० व्होल्ट काढलेत ना, तिथेच गडबड झालीय. फील्ड एक्सच्या दिशेने २०० व्होल्ट प्रति मीटर, बी हा ए पासून ३ सेंमी पुढे आणि ४ सेंमी वर, म्हणजे सरळ अंतर ५ सेंमी हे मान्य, पण फील्डला काटकोनात कितीही सरका पोटेन्शियल हलतच नाही, त्यामुळे ते ४ सेंमी सोडूनच द्या. २०० गुणिले ०.०३, झाले ६ व्होल्ट. आणि चिन्ह बघा, फील्डच्या दिशेने गेलं की पोटेन्शियल उतरतं, म्हणून बी वजा ए म्हणजे मायनस ६. (बारावीत हा मायनस मी दरवेळी खायचो.) ए पासून बी पर्यंत इलेक्ट्रॉन नेला तर मात्र त्याची स्थितिज ऊर्जा ६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने (एका व्होल्टच्या फरकातून जाताना इलेक्ट्रॉनची जेवढी ऊर्जा बदलते ते हे एकक) वाढते, चार्जच निगेटिव्ह ना त्याचा.