सल्ला हवा: घरी बांधलेली पाणबुडी खाली गेल्यावर होडीशी बोलायचं कसं?

डबकेबहाद्दर
दोन वर्षं चाललेलं वेल्डिंग एकदाचं संपलं. एकाच माणसापुरती पाणबुडी आहे, पोलादी नळीची, वर ॲक्रिलिकचा घुमट. गोड्या पाण्याचा तलाव, खोली १० ते १५ मीटर, त्यापुढे जायचं नाही. वर होडीत मेहुणा थांबेल. दोघांकडे ५ वॅटचे व्हीएचएफ वॉकीटॉकी आहेत. घुमट पाण्याबाहेर असेपर्यंत झकास ऐकू येतं, तो बुडाला आणि होडी जरा लांब गेली की नुसती खरखर. जास्त वॅटचा सेट घेऊ, की फ्रिक्वेन्सी बदलू? कुठला घ्यावा ते सुचवा.

लांबलहरी
वॅटच्या नादी लागू नका. शक्ती दहापट केली तर १० डेसिबल मिळतात, आणि तेवढे गोडं पाणी दोन-चार मीटरांत गिळून टाकतं. त्याहून मोठी अडचण पृष्ठभागाची आहे. रेडिओलहरींच्या दृष्टीने पाणी हवेपेक्षा सुमारे नऊपट 'दाट' असतं, त्यामुळे खालून आलेली लहर सरळ उभ्या रेषेपासून साधारण ६ अंशांच्या आत असेल तरच बाहेर पडते, बाकीची बहुतेक आरशावर आपटल्यासारखी परत खाली जाते. म्हणजे होडी डोक्यावर असेल तर कदाचित ऐकू येईल, बाजूला सरकली की संपलं. तुमची खरखर ती हीच.

फ्रिक्वेन्सीचं म्हणाल तर खेळण्यातल्या पाणबुड्या २७ किंवा ४० मेगाहर्ट्झवर गोड्या पाण्यात थोड्या खोलीपर्यंत चालतात. २.४ गिगाहर्ट्झ दर सेंटिमीटरला दोन-अडीच डेसिबल गमावतो, वीतभर पाण्यात त्याचा जीव जातो. समुद्रात तर ४० मेगाहर्ट्झसुद्धा काही सेंटिमीटरांतच विरतो. नौदलं ३ ते ३० किलोहर्ट्झवर पाणबुड्यांना निरोप धाडतात. अमेरिकेने ७६ हर्ट्झही वापरला, २००४ साली बंद केला. त्या अँटेना कित्येक किलोमीटर लांबीच्या होत्या आणि निरोप एकाच दिशेने, मुंगीच्या पावलांनी. मेहुण्याच्या होडीत ते मावायचं नाही.

वॉकीटॉकी विकू नका मात्र. पृष्ठभागावर असताना तोच लागेल. (परवान्याचं बघून घ्या.)

खर्जातला
पाण्यात आवाजावर भिस्त ठेवा. पाण्याखालचा टेलिफोन मिळतो: बोलणं वरच्या फ्रिक्वेन्सीवर चढवून ट्रान्सड्यूसरमधून (विजेचा आवाज आणि आवाजाची वीज करणारा भाग) पाण्यात सोडतो. नौदलाचा जुना संच ८ किलोहर्ट्झच्या आसपास चालतो, पाणबुडे (डायव्हर) वापरतात ते साधारण ३० च्या. तुम्हाला दुसरा पुरे.

पण तो बसवायचा कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. हवा भरलेली बॅलास्ट टाकी (बुडायला पाणी आणि तरंगायला हवा भरतात ती) आवाजाला भिंतीसारखी असते. ट्रान्सड्यूसर टाकीच्या आड गेला की त्या बाजूला तुम्ही मुके. होडीवरचाही नुसता पाण्याला टेकवू नका. मी उन्हाळ्यात तसाच लटकवला होता. सकाळी खणखणीत, दुपारी काही नाही. वरचा थर तापला की आवाज खाली वाकतो. मग पाच-सहा मीटर खाली सोडला तेव्हा परत ऐकू यायला लागलं.

आणि शब्द आधी ठरवून घ्या. घुमणाऱ्या पाण्यात आमच्या होडीवाल्याला 'बरं' हे 'वर' असं ऐकू आलं, तो घाईने बाजूला झाला आणि मी तळाशी निवांत. तेव्हापासून आम्ही 'बरं' म्हणतच नाही.

कप्पी
माझं मत वेगळं. १५ मीटरच ना? मग तार सोडा. तरंगत्या बोयाला दोरी, दोरीसोबत दोन तारांचा टेलिफोन. आवाजाच्याच शक्तीवर चालणारे फोन मिळतात, त्यांना बॅटरीही लागत नाही. बोया दिसतो, त्यामुळे तुम्ही कुठे आहात हेही होडीला कळतं.

दोन गोष्टी सांभाळा. दोरी पाणबुडीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गुंतते, म्हणून ती आतून सोडता आली पाहिजे. दुसरी गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते: केबलचं आवरण बाहेर कुठे कापलं गेलं, तर पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून, आवरणाच्या आतून पाणबुडीत झिरपतं. बाहेरचं सील कितीही पक्कं असो. शिरते तिथे तार उघडी करून इपॉक्सीत गाडा.

डबकेबहाद्दर
हे तारेतून झिरपण्याचं डोक्यातच नव्हतं, माझी केबल सरळ आत घेतलेली आहे. उद्याच काढतो. पण फोनच बंद पडला तर?

खर्जातला
हाच प्रश्न आधी यायला हवा होता! दर १० मिनिटांनी हाक. एक चुकली तर परत हाक मारा, सलग दोन चुकल्या तर वर यायचं, तिथे वाद नाही. पण वर येताना होडी डोक्यावर नको. तेव्हा दुसरी हाक चुकली की मेहुण्याने इंजिन बंद करून पंखा थांबवायचा. तुम्ही आतून पत्र्यावर हातोडीने तीन ठोके द्या, पाण्यात ते चांगले ऐकू येतात, मग एक मिनिट थांबून वर.

कप्पी
आणि मेहुण्याने बोयापासून लांब राहायचं. तुम्ही बोयाजवळच वर याल.

डबकेबहाद्दर
ठरलं. आधी तारेचा फोन, ट्रान्सड्यूसर पुढच्या हंगामात. मेहुणा म्हणतो, तीन ठोके नकोत, पाच ठेवा. आत स्पॅनर पडला तरी दोन-तीन आवाज येतातच.