मदत हवी आहे: टाचण्यांच्या खूण-पुनर्पकड डेटात शेवटचा जगण्याचा दर १ येतोय

रानवाट: तीन दिवस एकाच ठिकाणी अडकले आहे. तळ्यावरच्या टाचण्यांच्या (चतुरांसारख्या बारीक कीटकांच्या) पंखांवर क्रमांक घातले, सोडल्या, पुन्हा पकडल्या. आठ फेऱ्या, २१२ खुणा, त्यातल्या ७४ निदान एकदा परत सापडल्या. 'मार्क' या प्रोग्राममध्ये कॉरमॅक-जॉली-सीबर हे जगण्याचा दर काढणारं मॉडेल चालवलं, फाय (जगण्याचा दर) आणि पी (जिवंत टाचणी पुन्हा पकडली जाण्याची शक्यता) दोन्ही वेळेनुसार बदलते. शेवटच्या टप्प्यात फाय १.०० आणि प्रमाणत्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) शून्य! आधीचे आकडे ०.३८ ते ०.८१, कसेही. एकूण संख्या तर कुठेच दिसत नाही. परवा दाखवायचं आहे, काय चुकतंय तेवढंच सांगा.

गणितवेडा: एवढ्या भानगडीत पडूच नका. दोन फेऱ्या पुरतात. समजा ६० खुणा केल्या, दुसऱ्या फेरीत ५० सापडल्या, त्यात १२ खुणेच्या. ६० गुणिले ५० भागिले १२, म्हणजे २५०. लहान नमुन्यासाठीच्या चॅपमनच्या दुरुस्तीने २३८. कागदावर होतं.

पाणकाठ: हे बंद समूहाला चालतं. तळ्यावर रोज नव्या टाचण्या बाहेर पडतात, जुन्या मरतात, उडून जातात. शिवाय त्यांना जगण्याचा दर हवाय, तो यातून निघतच नाही.

गणितवेडा: दोन फेऱ्यांत एकाच दिवसाचं अंतर ठेवलं तर फरक किरकोळ. मी भुंगेऱ्यांवर तेच केलंय.

पाणकाठ: भुंगेऱ्यांचं वेगळं, टाचण्या तळ्यावरून उडून जातात.

हिरवापंख: जाळीचा दांडा लांब घ्या, काठावरून वाकावं लागत नाही. आणि पकडताना पंख चारही एकत्र धरा, एकेक धरला की फाटतो.

रानवाट: जाळीचं विचारलेलं नाही. कृपया मूळ प्रश्नाकडे या.

आकडेमोड: दोन फेऱ्यांमधलं अंतर किती होतं? आणि नर-मादी वेगळे नोंदवले का?

रानवाट: पहिल्या पाच फेऱ्या तीन-तीन दिवसांनी. मग पाऊस लागला, सात दिवस गेले. पुढच्या दोन पुन्हा तीन-तीन दिवसांनी. प्रोग्राममध्ये सगळी अंतरं १ ठेवली. नर-मादी एकाच गटात.

आकडेमोड: आकडे खालीवर होण्याचं एक कारण इथेच आहे. रोजचा दर ०.९ असेल तर तीन दिवसांचा ०.७३ आणि सात दिवसांचा ०.४८ येतो. टाचणी तीच, अंतर वेगळं. खरी अंतरं भरा म्हणजे दर रोजचा मिळेल. शेवटच्या १.०० चं मात्र वेगळं आहे. दोन्ही वेळेनुसार बदलते ठेवले की शेवटचा फाय आणि शेवटचा पी वेगळे काढताच येत नाहीत, फक्त त्यांचा गुणाकार कळतो. पी स्थिर ठेवून बघा, एआयसीसीने (कोणतं मॉडेल बरं ते सांगणारा निकष) तुलना करा. माद्या पाण्यावर कमी येतात, त्यांचा पी वेगळा धरा.

पाणकाठ: शिवाय हा दर 'दिसणारा' असतो. मेली की दूर गेली, हे मॉडेलला कळत नाही. नुकत्याच कात टाकलेल्या, चकाकत्या मऊ पंखांच्या टाचण्यांवर खूण केली होती का? त्या काही दिवस पाण्यापासून लांब जातात.

रानवाट: हो, बऱ्याच. त्यांच्या नोंदीपुढे 'म' लिहिलंय.

पाणकाठ: मग तो वेगळा गट करा.

रानवाट: अंतरं घातली. पी स्थिर ठेवल्यावर फाय ०.८८, त्रुटी ०.०२. श्वास घेतला! पण एकूण संख्या?

आकडेमोड: हे मॉडेल संख्या देतच नाही. त्याच नोंदींवर 'पोपॅन' हे संख्या काढणारं मॉडेल चालवा. अट एवढीच की खुणेच्या आणि बिनखुणेच्या सारख्याच शक्यतेने पकडलेल्या हव्यात. प्रत्येक फेरीत बिनखुणेच्या घेतल्या ना?

रानवाट: शेवटच्या दोन फेऱ्यांत नाही. वेळ कमी होता, फक्त खुणेच्या शोधल्या. हे सांगायचं राहिलं.

आकडेमोड: मग संख्येसाठी पहिल्या सहाच फेऱ्या घ्या. फायसाठी आठही चालतील.

गणितवेडा: पहिल्या दोन फेऱ्यांचे आकडे द्या, मी चॅपमनने काढून देतो.

हिरवापंख: क्रमांक कोणत्या पेनाने घातले? माझे पावसात पुसले गेले.