होंडुरास-एल साल्व्हाडोर, १९६९: युद्ध खरंच फुटबॉलवरून झालं?

प्रश्न:
१९७० च्या विश्वचषकाची पात्रता फेरी वाचत होतो. जून १९६९ मध्ये मध्य अमेरिकेतल्या या दोन शेजारी देशांचे संघ तीनदा भिडले आणि १४ जुलैला एल साल्व्हाडोरचं सैन्य होंडुरासमध्ये घुसलं. चारेक दिवसांत लढाई थांबली. जिथे तिथे ‘फुटबॉल युद्ध’ लिहिलंय, पण मॅचवरून सैन्य पाठवलं हे काही गळी उतरत नाही. आणि एवढ्याशा लढाईने पुढे काय बदललं?

प्रतिसाद १:
मॅचने भडका उडाला हे खरंच आहे. होंडुरासची राजधानी तेगुसिगाल्पात होंडुरास १-० ने जिंकलं, सान साल्व्हाडोरात यजमान एल साल्व्हाडोर ३-० ने. मेक्सिको सिटीतला निर्णायक सामना एल साल्व्हाडोरने जादा वेळेत ३-२ असा घेतला. त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी होंडुरासशी राजनैतिक संबंध तोडले होते. विश्वचषकात मात्र तिन्ही सामने हरले, एकही गोल नाही.

प्रतिसाद २:
अहो, संबंध तोडले ते मॅचच्या आधी, यातच उत्तर आलं. मूळ जमिनीत आहे, आणि त्यात भरडलेल्या माणसांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते.

एल साल्व्हाडोर होंडुरासच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नाही, पण लोकसंख्या जास्त. चांगली जमीन कॉफीवाल्या मोजक्या घराण्यांकडे. पोटासाठी माणसं सीमा ओलांडत राहिली. १९६९ पर्यंत होंडुरासमध्ये सुमारे ३ लाख साल्व्हाडोरी होते. रान साफ करायचं, मका पेरायचा, पोरंबाळं तिथलीच. हातात कागद मात्र नाही.

होंडुरासमध्येही भूमिहीन होतेच. बड्या जमीनदारांना आणि अमेरिकन केळी कंपन्यांना हात लावण्यापेक्षा या परक्यांना उठवणं सोपं. १९६२ च्या कायद्यानुसार वाटपाची जमीन जन्माने होंडुरन असलेल्यांनाच मिळणार होती. लोपेझ अरेयानो यांच्या सरकारने तोच कायदा पुढे करून या कुटुंबांना हुसकायला सुरुवात केली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात संतापजनक वाटतं ते हेच: दोन्हीकडचे गरीब एकमेकांसमोर उभे केले गेले आणि दोन्हीकडचे जमीनदार सुखरूप राहिले.

लढाईत दोन-तीन हजार माणसं गेली असावीत, बहुतेक होंडुरन खेडूत. जेटच्या जमान्यात दोन्हीकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली पंख्याची विमानं! होंडुरासच्या फर्नांडो सोटो यांनी १७ जुलैला अशाच एका कॉर्सेअर लढाऊ विमानातून शत्रूची तीन विमानं पाडली. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने दबाव आणल्यावर ऑगस्टच्या सुरुवातीला एल साल्व्हाडोरचं सैन्य माघारी गेलं.

प्रश्नकर्ता:
मग हुसकल्यावर एल साल्व्हाडोरला परत आलेल्या लोकांचं काय झालं?

प्रतिसाद २:
हजारोंच्या संख्येने आले, आणि आले ते ज्या देशात त्यांना जमीन नव्हती म्हणूनच बाहेर पडले होते तिथे. त्यातच होंडुरासने व्यापार तोडला, मध्य अमेरिकेची सामायिक बाजारपेठ खिळखिळी झाली, कारखान्यांचा माल अडकला. पुढच्या दहा वर्षांत एल साल्व्हाडोरमध्ये यादवी पेटली. कारणं बरीच होती, पण जमिनीची ही कोंडी त्यातलं मोठं कारण. १९९२ पर्यंत सुमारे ७५ हजार बळी गेले.

शांतता करारावर सह्या व्हायला १९८० उजाडलं. सीमेवरच्या वादग्रस्त पट्ट्यांचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९२ मध्ये दिला; जवळपास दोन तृतीयांश जमीन होंडुरासला मिळाली. तिथे राहणाऱ्या साल्व्हाडोरींच्या नागरिकत्वाचा आणि जमिनीच्या हक्काचा करार झाला तो १९९८ मध्ये.