घरामागच्या अंगणात लाकडी डेक: आखणी कोणत्या क्रमाने करावी?

मागचेदार:
घराच्या मागच्या बाजूस ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असा लाकडी डेक बांधण्याचा विचार आहे. मागच्या दाराचा उंबरठा जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटर उंच आहे. अंगणाचा उतार किंचित घराकडे असल्यामुळे पावसाचे पाणी भिंतीलगत काही काळ साचून राहते. फळ्या सागाच्या घ्याव्यात की कॉम्पोझिटच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या), यावर घरात बराच खल झाला, परंतु एकमत झालेले नाही. सुतारांचे म्हणणे असे, की डेकची एक बाजू थेट भिंतीवर टेकवली तर खांबांची एक रांग वाचेल. हा सल्ला मानावा का, आणि कोणती गोष्ट आधी ठरवावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओळंबा:
फळ्यांचा वाद तूर्त बाजूला ठेवावा, असे मी सुचवीन. आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य पाण्याचे आहे, आणि ते आपण ओघात लिहून गेला आहात. डेक एकदा उभा राहिला, की त्याखालच्या जमिनीचा उतार बदलण्यासाठी माणसाला सरपटत आत शिरावे लागते. त्यामुळे ते काम बहुधा कायमचे राहूनच जाते. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरांत जमीन किमान १५ सेंटिमीटर खाली उतरली पाहिजे आणि तेथून पाणी वाहून नेणारा चर असला पाहिजे. हा उतार भिंतीशी माती चढवून काढू नये, कारण जोत्यातील ओलरोधक थराच्या वर माती आली तर ओल भिंतीत चढते. बाहेरच्या बाजूची माती खणून काढणे हाच योग्य मार्ग.

सुतारांचा सल्ला चुकीचा नाही, मात्र अटींवर अवलंबून आहे. भिंतीला जोडलेल्या आडव्या तुळईवर डेकचा जवळपास निम्मा भार येतो. ही तुळई खिळ्यांनी ठोकलेली असेल, किंवा तिच्या वरच्या कडेवर पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी नसेल, तर पाणी मागे झिरपते, लाकूड कुजते आणि वरून काहीही दिसत नाही. डेक कोसळण्याचे हे नेहमीचे कारण आहे. जोडायचेच असेल तर भिंत भक्कम हवी आणि जोड बोल्टचा हवा. आपल्याकडे पाणी भिंतीशीच साचते, म्हणून मी स्वतः मात्र भिंतीपासून थोडी फट सोडून, स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा स्वतंत्र डेकच निवडीन. भिंतीजवळच्या खांबांचे खड्डे नीट खोल न्यावेत, कारण घराच्या पायासाठी खणून पुन्हा भरलेली माती तेथे भुसभुशीत असते. स्वतंत्र डेकला भिंतीचा आधार नसल्याने तो आडवा झुलू नये म्हणून खांबांना तिरपे आधारही द्यावे लागतील. खांब मातीत पुरू नयेत. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर ठेवून त्यावरच्या धातूच्या बैठकीत ते बसवावेत, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहतात.

रंधा:
पाण्याबद्दल पूर्ण सहमत आहे. भिंतीला जोडण्याबाबत तितका कडक नाही, पण तो मुद्दा येथे ताणत नाही. आकाराबद्दल सांगतो. ९० सेंटिमीटर रुंदीचे टेबल मध्यभागी ठेवले आणि दोन्ही बाजूंना खुर्ची मागे सरकवण्यासाठी प्रत्येकी ९० सेंटिमीटर सोडले, की २७० सेंटिमीटर तेथेच संपतात. कठड्याची जाडी धरली तर बसलेल्यांच्या पाठीमागून कोणी जाऊ शकत नाही. चुन्याच्या फक्कीने जमिनीवर डेकचा आकार आखावा, त्यात खरे टेबल मांडून सगळ्यांना बसवावे आणि एकाने हातात ताट घेऊन मागून जाऊन पाहावे. रुंदी ३ मीटर पुरते की नाही, ते लगेच कळेल.

लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, तर कॉम्पोझिट उष्णतेने लांबीत वाढते. म्हणून पहिल्यात दोन फळ्यांमधली फट जपावी लागते आणि दुसऱ्यात टोकांची. कॉम्पोझिटला तेलपाणी लागत नाही, परंतु दुपारच्या उन्हात ते अनवाणी पायांना चांगलेच चटके देते. खालच्या वाशांमधले अंतर लाकडी फळ्यांसाठी ४० सेंटिमीटर चालते. तिरप्या बसवलेल्या कॉम्पोझिटला ते ३० सेंटिमीटरपर्यंत आणावे लागते, त्यामुळे फळीचा निर्णय सांगाड्याच्या आधी व्हायला हवा. साग घेतल्यास फळी कापल्यावर उघडे पडलेले प्रत्येक टोक त्याच दिवशी तेल किंवा मेण लावून बंद करावे. पाणी सपाट पृष्ठभागापेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने आत शिरते. सांगाड्यासाठी तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड वापरणार असाल तर साधे लोखंडी स्क्रू टाळा, ते त्या क्षारांनी गंजतात. जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत.

मागचेदार:
दोघांचेही आभार. आकार आखून पाहणारच आहे. उंची ७० सेंटिमीटरच असल्याने कठड्याशिवाय चालेल, असे सुतार म्हणतात. ते बरोबर आहे का?

ओळंबा:
आजच्या जमिनीच्या हिशेबाने कदाचित चालेल, नव्या उताराच्या हिशेबाने नाही. दारातून पाणी आत येऊ नये म्हणून डेक उंबरठ्यापेक्षा ३ सेंटिमीटर खाली धरा, म्हणजे भिंतीपाशी उंची ६७ होते. परंतु बाहेरच्या कडेला जमीन १५ सेंटिमीटर उतरलेली असेल, म्हणजे तेथे उंची ८२ भरेल. अमेरिकेतील घरबांधणीच्या नमुना नियमसंहितेत साधारण ७६ सेंटिमीटरच्या वर कठडा सक्तीचा असून त्याची उंची किमान ९१ सेंटिमीटर आणि उभ्या दांड्यांमधली फट १० सेंटिमीटरहून कमी लागते. आपल्या भागातील नियम स्थानिक बांधकाम विभागाकडे विचारून घ्यावेत, पण घरात लहान मुले असतील तर नियम नसला तरी कठडा घालावा. पायऱ्यांचा हिशेबही याच ८२ सेंटिमीटरांवर करावा, प्रत्येकी १६.४ सेंटिमीटरांचे पाच सारखे चढ येतील. कठड्याचे खांब सांगाड्याला बोल्टने आवळून मगच फळ्या अंथरायला सांगा, कारण नुसत्या फळीवर स्क्रूने बसवलेला खांब रेलणाऱ्या माणसाचा भार पेलत नाही.