सोलरचं गरम पाणी चहाला, बाळाच्या दुधाला चालतं का?

जुळे सोलापूरकर: नमस्कार मंडळी. आमच्या गच्चीवर सोलर हाय, सकाळी नळाला कढत पाणी येतंय. सासूबाई तेच पाणी चहाला, भाताला घेतात, गॅस वाचतो म्हणतात. आता घरात बाळ आहे, पावडरचं दूध पण त्यातच कालवायला लागल्यात म्हणून मला काळजी वाटायला लागलीय. पाणी महापालिकेचंच, उजनीचं, पण रोज येत नाही, आलं की टाकीत भरायचं आणि तेच वर सोलरला जातं. सांगा ना कुणीतरी.

होटगी रोड: आम्ही तर कायम तेच वापरतो की ओ, काही होत नाही. चहाला उकळतंच ना शेवटी.

प्लंबर मामा: ताई, मी सोलर साफ करायची कामं करतो म्हणून सांगतो, पिऊ नका. खालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडला की जे तांबडं-पांढरं पाणी येतं ना ते एकदा बघा, क्षाराचा नुसता थर असतो, आणि बोअरचं पाणी सोडत असतील तर विचारूच नका. बऱ्याच टाक्यांत गंज लागू नये म्हणून मॅग्नेशियमचा रॉड घातलेला असतो, तो मुद्दाम झिजायलाच असतो, तो झिजून कुठं जातो? पाण्यातच.

शाळेतली केमिस्ट्री: मामांचं बरोबर आहे पण क्षार आणि मॅग्नेशियमपेक्षा मला भीती शिशाची वाटते. गरम पाण्यात पाइप, पितळी कॉक, जुने जोड यातला धातू थंड पाण्यापेक्षा जास्त विरघळतो, आणि शिसं पाण्यात उतरलं तर ना रंग ना चव, कळतच नाही. होटगी रोडवाल्या दादांना सांगायचंय की उकळल्यानं जंतू मरतात, शिसं जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा त्रास सगळ्यात जास्त. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था पण हेच सांगते, पिण्याला, स्वयंपाकाला आणि बाळाच्या दुधाला थंड नळाचंच पाणी घ्या.
दुसरं म्हणजे तापल्यावर पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. मग ढगाळ हवेत पाणी नुसतं कोमट राहिलं तर जंतूंना बरंच, लिजिओनेला नावाचा जंतू साधारण २० ते ४५ डिग्रीत वाढतो, ६० च्या वर मरतो. त्याचा आजार पिण्यातून फारसा होत नाही, शॉवरचे बारीक तुषार श्वासात गेले की होतो, म्हणून टाकी चांगली तापलेली असणं अंघोळीसाठीसुद्धा महत्त्वाचं.

जुळे सोलापूरकर: बापरे. मग रात्री बाळ उठलं की काय करायचं, दरवेळी गॅस पेटवायचा का?

शाळेतली केमिस्ट्री: नाही हो, फिल्टरचं थंड पाणी झोपताना खळखळ उकळून चांगल्या थर्मासमध्ये भरून ठेवा. पावडर कालवताना पाणी निदान ७० डिग्री हवं असं डब्ल्यूएचओ सांगते, कारण पावडरीतच जंतू असू शकतात. नंतर बाटली थंड पाण्यात धरून कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा आणि मगच द्या. सासूबाईंना सांगा, भांडी-अंघोळीला सोलर खुशाल वापरा, गॅस तिथं वाचतोच.

प्लंबर मामा: आणि वर्षातून एकदा तरी टाकी धुऊन घ्या. वरच्या सिंटेक्सचं झाकण पण बघा, आपल्याकडं निम्म्या गच्च्यांवर ते उघडंच असतं.