सीएफए दिलेल्या रॅटमध्ये पी-ईआरके दोन्ही बाजूंना सारखाच का?

प्रश्न:
रॅटच्या उजव्या मागच्या पंजात १०० मायक्रोलिटर सीएफए (दाह घडवणारं कम्प्लीट फ्रॉइंड्स अ‍ॅडज्युव्हंट). २४ तासांनी पंजा चांगलाच सुजलेला, व्हॉन फ्रे चाचणीचा (बारीक तंतूंनी पंजा टोचून संवेदनशीलता मोजतात ती) थ्रेशोल्डही उतरलेला. थ्रेशोल्ड मोजून लगेच मज्जारज्जू काढला, कंबरेचा भाग मधोमध उभा चिरून दोन्ही अर्ध्यांचा वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिनं ओळखण्याची चाचणी) केला. पी-ईआरकेचे (फॉस्फेट जोडला जाऊन सक्रिय झालेला ईआरके एन्झाइम) ४२ आणि ४४ किलोडाल्टनचे पट्टे डावी-उजवीकडे सारखेच. काही रॅटमध्ये तर दोन्हीकडे गायब. ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) ५% दुधात. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १:
आधी व्हॉन फ्रे. सुजलेल्या पंजाला नुसता हलका स्पर्श झाला तरी डॉर्सल हॉर्नच्या (मज्जारज्जूचा पाठीकडचा, संवेदना घेणारा भाग) वरच्या थरांत ईआरके काही मिनिटांत फॉस्फोरिलेट होतो. त्यामुळे ब्लॉटवर दिसतंय ते सीएफएचं की टोचल्याचं, हे सांगताच येणार नाही. चाचणीचे रॅट वेगळे आणि ऊतीचे वेगळे ठेवा.

पट्टे गायब होतात ते बहुतेक वेळेमुळे. प्राणी मेल्यावरही फॉस्फेटेजचं (फॉस्फेट काढून टाकणारे एन्झाइम) काम चालूच असतं. एकेक मणका फोडत बसू नका. शिरच्छेदानंतर कणा खालच्या टोकाला कापा, पोकळीत बोथट सुई घट्ट बसवा आणि सिरिंजने बर्फगार सलाइन जोरात सोडा. रज्जू मानेकडून अखंड बाहेर येतो. दोन-तीन मिनिटांत तो लिक्विड नायट्रोजनमध्ये गेला पाहिजे. ते रोखायला ऊतीच्या बफरमध्ये १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड हवंच. व्हॅनाडेट पीएच १०ला उकळून रंगहीन केलेलं असावं, पिवळं असेल तर उपयोग नाही. बफरमधल्या ईडीटीए किंवा डीटीटीनेही ते निकामी होतं.

प्रतिसाद २:
वरचं सगळं बरोबर, पण अख्खा अर्धा रज्जू घेतलात तर वरच्या दोन थरांतला फरक उरलेल्या ऊतीत बुडून जातो. एल४-एल५ खंडांचा फक्त पाठीकडचा चतुर्थांश घ्या. हे खंड त्याच क्रमांकाच्या मणक्यांखाली नसतात, बरेच वर असतात. कंबरेचा फुगवटा बघून कापा.

दूध बंद करा. केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, पार्श्वभूमी काळवंडते. टीबीएसटी बफरमध्ये ५% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा, आणि पी-ईआरकेच्या पट्ट्याचा भागाकार अ‍ॅक्टिनने नाही, एकूण ईआरकेने.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. त्याच नमुन्यांत सीओएक्स-२ (दाहात प्रोस्टाग्लँडिन बनवणारा एन्झाइम) बघू का?

प्रतिसाद १:
बघा, पण डावी बाजू कंट्रोल धरू नका. रज्जूत आयएल-१ बीटा (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) वाढून जो सीओएक्स-२ तयार होतो, तो दूरवर पसरलेला असतो, सुजलेल्या बाजूपुरता नसतो. तिथे सीएफए न दिलेले रॅटच लागतील.